अंबाजी फिटरची स्प्रिंग

चौलात कुणाचं घड्याळ बंद पडलं, सायकल कुरकुरायला लागली किंवा वाडीतलं पाण्याचं इंजिन धापा टाकायला लागलं, की माणूस सरळ अंबाजी घरताच्या ओटीवर येऊन बसायचा. अंबाजी मुंबईच्या एका बड्या हॉटेलात आयुष्य काढून परत आलेला फिटर होता, हे नागावपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत असायलाच हवं होतं, कारण ते सांगायचं काम त्याच्या बायकोनं, सगुणानं, स्वतःकडे घेतलं होतं. विहिरीवर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही चार बाया जमल्या की पाचव्या वाक्याला "आमचे हे फिटर" येणारच.

आणलेली वस्तू अंबाजी आधी चष्म्यातून बघायचा, मग चष्मा काढून बघायचा. तिच्यावर दोन टिचक्या मारायचा. कान लावायचा. मग एक लांब उसासा टाकून म्हणायचा, "वायसर गेलाय." सायकल असो, घड्याळ असो, शिवणयंत्र असो, वायसरच गेलेला असायचा. एकदा तर देवळातल्या भजनाच्या पेटीचाही वायसर गेला होता. असला वायसर इथं मिळत नाही, मुंबईलाच मिळतो, असं ऐकून माणूस समाधानानं आपली वस्तू घेऊन घरी जायचा. दुखणं काय आहे ते कळलं, एवढ्यावरही माणसाचं पुष्कळ भागतं.

आता अंबाजी लबाड होता का? तर अजिबात नाही. तो फिटर होता हे खरंच होतं. कशाचा फिटर, हे तेवढं त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्या हॉटेलात साहेबलोकांच्या प्रत्येक खोलीला एक न्हाणीघर होतं, आणि प्रत्येक न्हाणीघरात चिनी मातीचं पांढरंशुभ्र विलायती भांडं होतं. त्यांतलं एकही भांडं असं नव्हतं, ज्याच्यापुढं अंबाजीनं गुडघे टेकले नव्हते. अंबाजी संडासांचा फिटर होता, आणि वायसर हा एकच भाग त्याला सगळ्या जगात नीट ओळखू येत होता.

लपवायचं कारणही सांगून टाकतो. त्या काळी आपल्याकडं लोक खाडीच्या खाजणाच्या कडेला नाहीतर वाडीच्या टोकाला जात. शेठलोकांच्या एक-दोन घरांत टोपल्यांचे संडास होते, आणि ते वाहून नेणारा माणूस मागच्या दारानं येई, मागच्या दारानं जाई. त्याला ओटीवर कुणी घेत नसे. प्यायला पाणी मागितलं तर वरून ओतत. हे वाईट आहे असं म्हणणारे तेव्हाही होते, पण ते सभेत तसं म्हणत आणि घरी येऊन पाणी वरूनच ओतत. अंबाजीनं लहानपणी स्वतःच्या हातानं ते तसं ओतलेलं होतं. ज्या दिवशी मुंबईला त्याच्या हातात हे काम पडलं, त्या दिवशी त्याला तो पाण्याचा तांब्या आठवला आणि त्याची दातखीळ बसली ती बसलीच.

त्यातून सगुणा. चुलीत घालायची लाकडंही ही बाई एखाद दिवशी धुऊन घेईल, अशी तिची थट्टा आळीत चाले. मासळी सात पाण्यांनी धुवायची, ओटीवर कुणी बसून गेलं की ओटी पुसायची, आणि अंबाजी बाहेरून आला की पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. खरं काम कळलं तर ही आपल्याला चुलीपाशी येऊ देईल का, हा विचार अंबाजीला गणपतीला घरी आला तरी छळायचा आणि शिमग्याला आला तरी छळायचा. कायमचा घरी आल्यापासून तर तो विचार त्याच्या उशाशीच येऊन राहिला होता. म्हणूनच की काय, तो घरात उगाच आवाज चढवून बोलायचा. भाजी अळणी का, दार उघडं का, कोंबडी ओटीवर का. घाबरलेला माणूस असाच ओरडतो, पण हे सगुणाला कुणी सांगायचं?

मुंबईहून येताना त्यानं एक वस्तू गोणपाटात गुंडाळून आणली होती. त्याचा मुकादम कायतान मेस्त्री गोव्याचा; त्यानं निरोपाच्या दिवशी ती त्याला भेट दिली होती. लोखंडाची एक नळी, खालच्या टोकाला वाकवलेली, त्या वाकणावर रबराचं जाड टोपण चढवलेलं. नळीच्या पोटात लांबलचक तारेची स्प्रिंग, तिच्या टोकाला गोल वळवलेला आकडा, आणि वरती फिरवायची मूठ. "हे काय?" असं सगुणानं विचारल्यावर अंबाजी म्हणाला होता, "इंजिनाची आतडी साफ करायचं हत्यार." तिनं ते बाहेरूनच तीन वेळा पुसलं आणि माळ्यावर टाकलं.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना, एका सकाळी करमअली शेठनं अंबाजीला बाजारात गाठलं. करमअली नारळ-सुपारीचा व्यापारी. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. त्या दिवशी मात्र त्यानं अंबाजीचा दंड धरून त्याला सुपारीच्या पोत्यांमागं नेलं आणि कुजबुजत विचारलं,

"अंबाजीभाऊ, तुमी फिटर मानूस. लांब लोखंडी गज असंल ना तुमच्याकडं?"

"कशाला?"

करमअलीनं इकडंतिकडं बघितलं. "अम्मीचा संडास तुंबलाय."

करमअलीच्या आईचं, हुस्नबानूचं, विहिरीच्या कट्ट्यावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड कसंबसं जुळलं, पण खाली बसणं कायमचं गेलं. तेव्हा तिच्या आफ्रिकेतल्या थोरल्या लेकानं पैसे धाडून मुंबईहून खुर्चीसारखं बसायचं विलायती भांडं मागवलं. गवताच्या पेंढ्यांत बांधलेलं ते भांडं मचव्यानं रेवदंड्याला उतरलं, तेव्हा बंदरावर बघ्यांची गर्दी जमली होती. मुंबईचाच एक मिस्त्री आला, त्यानं मागं मैल्याचा हौद खणून घेतला, भांडं बसवलं. तुंबलं तर काय करायचं, असं करमअलीनं विचारल्यावर तो म्हणाला, विलायती भांडं तुंबत नसतं. आणि लाँच पकडून निघून गेला.

"काय काय करून बघितलंत?" अंबाजीनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"बांबू घातला. तो आत वळंच ना. आता वाडीतल्या गड्याला पहार घालायला सांगतो. न्हायतर उकळतं पानी. बायकोनं हंडा चुलीवर चढवलाय."

"उतरवा तो हंडा!" अंबाजी एवढ्यानं ओरडला की समोरचा पाववाला टोपली सांभाळत उभा राहिला. "उकळतं पानी लागलं की चिनी माती तडकते! आनि पहार? पहार घालताय? अवो, ते भांडं हाय का जातं?"

करमअली त्याच्याकडं बघतच राहिला. "तुमाला कसं ठाऊक?"

"हाटेलात बघितलंय," अंबाजी चाचरत म्हणाला. "लांबून."

करमअलीचं लक्ष नव्हतं त्या उत्तराकडं. त्याचे डोळे भरून आले होते. "भाऊ, अम्मीनं कालपासून पानी सोडलंय. चहा न्हाय, पेज न्हाय. म्हनते, प्यायलं की जावं लागंल, आनि जाऊ कुठं? मला चार मानसांनी उचलून वाडीत न्यायचं असंल तर त्यापेक्षा अल्लानंच उचलावं. ओठ सुकून गेलेत तिचे. मी लेक असून तिच्यापुढं जायला धजत न्हाय."

अंबाजी घराकडं निघाला. रस्ताभर तो स्वतःशी भांडत होता. आपल्याला काय त्याचं? पण हुस्नबानू म्हणजे परकी नव्हे. अंबाजी मुंबईला असताना सगुणा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा याच बाईनं तिला महिनाभर पेज भरवली होती. तेव्हापासून सगुणा तिच्याकडं जायची-यायची. अलीकडं तर रोज दुपारी सुपारी सोलायला जायची. ती म्हातारी तहानेनं तळमळतेय, आणि तिचं दुखणं मिटवायचं हत्यार आपल्या माळ्यावर गोणपाटात पडलंय. अंबाजीला स्वतःची शरम वाटली. तेवढ्याच जोरानं भीतीही वाटली. गावाला कळेल, ते एक वेळ सोसता येईल. सगुणाला कळेल, ते कसं सोसायचं?

शेवटी त्यानं मधला मार्ग काढला. सगुणा जाते दुपारी. आज सकाळी ती आग्रावला कोळणीकडं म्हावरं आणायला जाते म्हणून गेलीय. ती परत येईस्तोवर काम उरकायचं, हातपाय घासून धुवायचे, आणि जन्मात त्याचा उच्चार करायचा नाही. करमअलीला आईची शपथ घालायची. एवढा बंदोबस्त पुरे वाटून त्यानं माळ्यावरून गोणपाट काढलं.

करमअलीच्या घरी हंडा उतरवलेला होता, पण गडी पहार घेऊन दारात उभा होता. अंबाजीनं आधी त्याला पहारेसकट वाडीत पिटाळलं. मग तो संडासात शिरला, सदरा काढून खुंटीला टांगला, आणि भांड्यापुढं गुडघे टेकले. इतक्या वर्षांची सवय. गुडघ्यांनी आपली जागा आपणच शोधली. भांडं काठोकाठ भरलेलं. त्यानं डबड्यानं थोडं पाणी उपसून बादलीत काढलं, नाहीतर नळी आत गेल्याबरोबर सगळं जमिनीवर आलं असतं.

हे काम ताकदीचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा करून बघावं. अंबाजीलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. तेव्हा त्यानं रबराचं टोपण कुठं पडलं ते न बघता उघडी स्प्रिंग एका भांड्यात कोंबली, जोर लावून गरागरा फिरवली, आणि तुंबलेलं निघालं म्हणून छाती फुगवून उभा राहिला. कायतान मेस्त्रीनं त्याची मान धरून ती भांड्यापाशी नेली. पांढऱ्या चकाकीवर लोखंडाचे काळे ओरखडे उठले होते. ते ओरखडे मग कशानंच गेले नाहीत, आणि त्यांत मळ धरत राहिला तो राहिलाच. "जोर दाखवायचाय तर गोदीत जा, पोती उचल," मेस्त्री म्हणाला होता. "हितं आधी कान दे, मग हात दे."

म्हणून अंबाजीनं आधी स्प्रिंग पूर्ण मागं ओढून घेतली. नळीचं रबरी वाकण अलगद भांड्याच्या तळाशी टेकवलं, तोंड भोकाच्या दिशेनं वळवलं, आणि रबर नीट बसलंय याची बोटानं खात्री केली. लोखंड कुठंच चिनी मातीला लागत नव्हतं. मग त्यानं मूठ धरली आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. स्प्रिंग वळणावर गेली, अडली. नवशिका इथं ढकलतो. अंबाजीनं अर्धा फेरा मागं घेतला, थोडं थांबला, परत पुढं फिरवलं. स्प्रिंग वळण घेऊन वर चढली. आणखी थोडी गेली. मग मुठीला काहीतरी मऊ, चिवट लागलं.

"सापडलास," अंबाजी पुटपुटला. "आता पळू नको हां, बाळा. हळू. हळूहळू ये."

आकडा त्या गोळ्यात शिरला होता, पण पुरता गुंतला नव्हता. आता मूठ सोडली असती तर ताणलेली स्प्रिंग उलटी सुटून नळी भांड्यावर आदळली असती. नेमक्या त्याच वेळी मागचं दार करकरलं, आणि संडासाच्या चौकटीत सगुणा उभी राहिली.

तिनं पदर कमरेला खोचला होता. एका हातात बादली. दुसऱ्या हातात त्यांच्या घरचा गळ होता. म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढायला दोरीला बांधून सोडतात तो, चहूबाजूंनी नख्या असलेला लोखंडी गळ. म्हावऱ्याचा कुठं पत्ता नव्हता.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. अंबाजी उघडा, गुडघ्यांवर, संडासाच्या भांड्यात नळी खुपसून बसलेला. पळून जावं तर मूठ सोडता येत नाही. तोंड लपवावं तर दोन्ही हात गुंतलेले. वीस वर्षं जी वेळ येऊ नये म्हणून जपला, ती वेळ त्याला असा अडकवून समोर येऊन उभी राहिली होती.

"अवो," सगुणा कशीबशी म्हणाली, "तुमी हितं काय करताय?"

"तू हितं काय करतेस? तू तर आग्रावला गेलेलीस." आवाज चढवायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो चढला नाही. "आनि तो गळ कशाला?"

 सगुणानं गळ पाठीमागं लपवला. एवढा मोठा गळ पाठीमागं लपत नाही, पण लपवला.

मुठीखाली स्प्रिंग थरथरली आणि अंबाजीला बाकीचं सगळं विसरायला झालं. "सगुणे, काय बोलायचं ते मागनं बोल. आधी ही नळी धर. हात सुटला तर भांडं फुटंल."

सगुणानं गळ बाहेर ठेवला. ती खाली बसली, बांगड्या वर सारल्या, आणि जराही न कचरता भांड्यातल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून नळी खालच्या बाजूनं घट्ट धरली. अंबाजी तिच्या हाताकडं बघतच राहिला. लाकडं धुवायची थट्टा जिच्यावरनं चालते, त्या बाईचा हात. तो हात पहिल्यांदा तिथं गेल्यासारखा गेला नव्हता.

"धरलीय," ती म्हणाली. "आता?"

"दाबू नकोस. नुसती हलू देऊ नकोस. अस्सं. रबर तळाला टेकलंय का बघ. टेकलंय? शाबास. मी फिरवतो. थांब म्हनलं की थांब." तो एक फेरा फिरवी, थांबे, कान देई. "हां. गुंतला आता. ओढायचं न्हाय, नुसतं येऊ द्यायचं. हळू गो, हळू."

सगुणानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. "एवढा मऊ आवाज तुमच्यापाशी व्हता?"

"कामाचा हाय तो."

"मग घरी बी कायतरी काम काढत जा."

पुढच्या खोलीतून तैयबाचं, करमअलीच्या बायकोचं, दाबलेलं हसू ऐकू आलं. अंबाजीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मूठ त्याच्या हातात हलकी झाली होती. स्प्रिंग वळणावरून परत खाली आली, आणि तिच्या पाठोपाठ, आकड्यात गुंतलेला, एक काळपट ओला गोळा पाण्यातून वर निघाला. भांड्यानं घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि उरलेलं पाणी एकदम खाली गेलं.

अंबाजीनं गोळा आकड्यावरून सोडवला. नारळाच्या काथ्याची घासणी होती ती, भांडी घासायला बायका करतात तसली. काथ्या सुटू नये म्हणून मधोमध कापडाची पट्टी आवळून बांधलेली. पट्टी जाड, निळ्या कापडाची. अंबाजीनं ती बोटांनी चोळली. हे कापड तो झोपेतही ओळखला असता. मुंबईला रोज अंगात घालायची त्याची निळी डांगरी. फाटली म्हणून गेल्या शिमग्याला त्यानं ती सगुणाकडं चिंध्या करायला टाकली होती.

"ही तुझी घासनी?"

सगुणा मान खाली घालून बसली होती. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि ती जमिनीकडं बघतच सांगत होती. हुस्नबानूला सुनेनं आपलं भांडं धुतलेलं खपेना. सुनेसमोर मान खाली जाते, म्हणायची. बाहेरच्या माणसाचीही लाज. तेव्हा सगुणानंच सांगितलं, मी करीन, तुमी मला पेज भरवलीत. सुपारी सोलायचं नुसतं निमित्त होतं. ती रोज दुपारी येऊन ते भांडं काथ्या आणि राखेनं लखलखीत घासून जायची. परवा घासणी ओल्या हातातून निसटून भोकात गेली. जाईल वाहून, म्हणून तिनं वरून चार बादल्या पाणी ओतलं. ती जाऊन वळणात बसली.

"म्हातारीनं पानी सोडलं, ते माझ्यामुळं," सगुणा म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय लागला. वाटलं, कळशी निघते तशी निघंल. म्हनून गळ आनला."

अंबाजीनं त्या नख्यांकडं बघितलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. मग त्याची नजर भांड्याच्या आतल्या बाजूवर गेली. "राखेनं घासतेस हे? रोज? बघ, सगळी चकाकी मारलीस! साबनाचं पानी आनि मऊ फडकं, बास! हे काय पितळ हाय?"

"झाला चालू आवाज," सगुणा डोळे पुसत म्हणाली.

 अंबाजीनं नळी चांगल्या पाण्यानं धुतली, रबर पुसलं. वरून पाण्याची एक बादली सावकाश ओतून बघितली. पाणी न थबकता गेलं. भांड्याला कुठं तडा नव्हता, नवा ओरखडा नव्हता. हे सगळं आटोपल्यावर मग त्याला करायला काही उरलं नाही, आणि बोलणं भाग पडलं.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगू? गावभर फिटरची बायको म्हनून मिरवते. तुमी पांढऱ्या सदऱ्याचं मानूस. बायको दुसऱ्याच्या घरचा संडास धुते, हे कळलं असतं तर तुमी मला घरात घेतली असती?"

अंबाजीला हसू आलं. "सगुणे, मी हेच करत व्हतो. हाटेलात. सगळी वर्षं. दुसरं काय बी नव्हतं. मला वाटायचं, तुला कळलं तर तू मला चुलीपाशी येऊ देनार न्हाईस."

सगुणानं धुतलेल्या नळीकडं बोट केलं. 

"आनि त्या इंजिनाची आतडी?" तिनं विचारलं.

"ती हीच."

"खोटारडे," सगुणा म्हणाली. पण उठताना आधाराला तिनं त्याचाच खांदा धरला.

तेवढ्यात आतून हुस्नबानूचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण हुकूम जुनाच होता. "तैयबा, निघालं का गो? मग चहा टाक. मोठा पेला भरून. आनि त्या दोघांना बी दे, कवापासून आत बसून काय बोलतायत कुनास ठाऊक."

चहा झाला. म्हातारीनं दोन पेले प्यायले, आणि करमअली तिच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडला. सगळ्यांनी त्याला रडू दिलं. निघताना तो अंबाजीला म्हणाला, "भाऊ, कुनाला बोलनार न्हाय. अल्लाची कसम." अंबाजीनं नळी गोणपाटात गुंडाळायला घेतली. सगुणानं गोणपाट त्याच्या हातून काढून आपल्या बादलीत टाकलं. ओली हाय, वाळू दे, एवढंच ती म्हणाली. मग अंबाजी ती नळी खांद्यावर टाकून, आणि सगुणा गळ नि बादली घेऊन, दोघं भर उन्हात बाजाराच्या रस्त्यानं घरी निघाले.

नाक्यावर दयाराम शिंप्याचं दुकान. तिथं सकाळपासून दहा-बारा माणसं बसलेली असायचीच. दयारामानं खांद्यावरचं हत्यार बघितलं आणि मशीन थांबवलं.

"काय फिटरसाहेब, ही कसली मशीन काढलीत आज?"

अंबाजीनं तोंड उघडलं. इंजिन हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. पण त्याच्या आधी सगुणा बोलली. विहिरीवर, गिरणीत, मांडवात ती ज्या आवाजात बोलायची, त्याच खणखणीत आवाजात.

"संडासाची स्प्रिंग हाय ती. आमचे हे संडासाचे फिटर. मुंबईच्या एवढ्या मोठ्या हाटेलात सगळे संडास ह्यांच्या हाताखाली व्हते. आत्ता करमअली शेठचा काढून दिला, भांड्याला ओरखडा उठू दिला न्हाय."

 एकानं हातातला तंबाखूचा बटवा उगाच बंद केला. दयाराम नकळत जरासा मागं सरकला, आणि ते सरकणं अंबाजीला दिसलं. सगुणालाही दिसलं.

"मीच नळी धरली व्हती," ती म्हणाली आणि आपले दोन्ही हात कोपरापर्यंत वर करून सगळ्यांना दाखवले. "ह्या हातांनी. ज्याला आमच्या ओटीवर यायचं नसंल त्यानं येऊ नये. ओटी पुसायचं माझं काम तेवढंच हलकं."

ती पुढं चालायला लागली. अंबाजी तिच्या मागोमाग निघाला, पण त्याला रस्ता नीट दिसेना. नळी खांद्यावर, त्यामुळं डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. इतक्या वर्षांत या बाईला आपण ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यानं आणखीच रडू आलं.

सगुणानं मागं वळून बघितलं. "आता रस्त्यात रडू नका. चला बिगी बिगी. आधी तुमी न्हाऊन घ्या, अंग घासून. मग मी न्हाते." दोन पावलं चालून ती थांबली. लग्न झाल्यापासून त्याला वाढून, त्याचं होईपर्यंत थांबून, मग एकटी जेवणारी ती बाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आनि मग दोघं संगतीनं जेवायला बसू."